रविवारचा वाचनवर्ग: 10 सकाळी, 3,000 रुपये आणि एक औदुंबर

जळगावात एक निवृत्त प्राध्यापिका रविवारी सकाळी आपल्या घरी वाचनाचा वर्ग घेतात. लिहिणाऱ्यांनी कसं वाचावं, एवढाच विषय. नाव-पत्ता कुठे देऊ नका असं बाईंनी बजावलं आहे, म्हणून देत नाही. शहरातल्या चार लिहित्या माणसांना विचारलंत तर घर सापडेल. मी यंदा जून ते ऑगस्ट असा 10 रविवारांचा वर्ग केला. फी 3,000 रुपये, मला दोन हप्त्यांत भरू दिली. आम्ही 9 जण होतो. त्याहून जास्त माणसं बाई घेत नाहीत, कारण हॉलमध्ये तेवढीच मावतात आणि प्रत्येकाला मोठ्याने वाचायला मिळायला हवं.

मी कृषी सहाय्यक आहे. 17 वर्षं रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात पंचनामे लिहितोय आणि गेली 8 वर्षं कथा. दोन छापून आल्या, बाकीच्या परत आल्या. या वर्गाआधी मी कथालेखनाचा एक ऑनलाइन कोर्स केला होता, 4,500 रुपयांचा. तिथे पहिल्या पानावर संघर्ष आणा, तिसऱ्यावर धक्का द्या, अशी सूत्रं मिळाली. वर्षभर त्या सूत्रांनी लिहिलं. पाच कथा झाल्या आणि पाचही एकमेकींसारख्या. वाचायला मात्र तिथे कुणी एक पानही दिलं नाही.

इथे पहिल्या दिवशी हातात आलं ते एक झेरॉक्स पान आणि लाल-निळी पेन्सिल. पानाच्या मधोमध आठ ओळी, दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं कोरी जागा. बालकवींची ‘औदुंबर’. मी हसून म्हणालो, ही तर शाळेपासून पाठ आहे. बाई म्हणाल्या, “भाऊ, पाठ आहे म्हणूनच तुम्ही ती अजून वाचलेली नाही.”

पद्धत अशी. आधी एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी पानाकडे न बघता ऐकायचं. मग प्रत्येकाने मनात वाचत क्रियापदांखाली लाल रेघ मारायची आणि रंगरूप सांगणाऱ्या शब्दांखाली निळी. तिसऱ्या वाचनात एकेक शब्द झाकून किंवा बदलून बघायचा, काय हरवतं ते सांगायचं. कवी कोण, कधी लिहिलं, कुठल्या मनःस्थितीत, हे सगळं त्यानंतर. केंब्रिजला समीक्षक आय. ए. रिचर्ड्स विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून टाकलेल्या कविता देत आणि त्यांचे अभिप्राय घेत. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1929 साली आलं. आपली पद्धत तिथून घेतली आहे, हे बाईंनी मोकळेपणाने सांगितलं.

त्या आठ ओळींवर आमचे दोन रविवार गेले, म्हणजे चार तास. सुरुवातीला मला हे फार वाटलं होतं. पण निळ्या रेघा मोजल्या तेव्हा रंगाचे शब्दच सात निघाले: हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. याच क्रमाने. सहावी ओळ आहे, ‘हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे’. या एका ओळीत पायवाट हिरव्यातून निघते आणि काळ्याशी पोचते. त्यानंतर कवितेत हिरवं नावालाही येत नाही. उदास, गंभीर, गूढ असला एकही शब्द कवीने वापरलेला नाही. मला शाळेत ही कविता म्हणताना शेवटी जे गार वाटायचं, ते या रंगांच्या क्रमातून येत होतं.

मग लाल रेघा. झरा वाहतो, पायवाट पडते, चालते, काळिमा पसरतो. तिसऱ्या ओळीखाली मात्र कुणाचीच लाल रेघ नव्हती. ‘चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे.’ क्रियापदच नाही. गाव आहे, पण ते काही करत नाही. पुढच्या ओळीत गर्दी आहे, तीही शेतमळ्यांची. घरं आहेत, शेतं आहेत, कुणी तरी चालून चालून पडलेली पायवाट आहे, आणि आठ ओळींत माणूस एकही दिसत नाही. पाण्यात पाय टाकून बसणं हे माणसाचं काम, ते शेवटी झाड करतं. हे आमच्यातल्या एका शिक्षिका ताईंच्या लक्षात आलं. त्यांनी ते सांगितलं तेव्हा हॉलमध्ये पंख्याचाच काय तो आवाज होता.

शेवटची ओळ आहे, ‘पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर’. तिच्यातल्या ‘असला’वरून वीस मिनिटं वाद झाला. औषध दुकानवाले दादा म्हणाले, हा शब्द मात्रा भरायला आहे. ताई म्हणाल्या, कवी बोट दाखवून ‘असला’ म्हणतोय, म्हणजे तो इथेच उभा आहे, आपल्या शेजारी. बाईंनी निकाल दिला नाही. शब्द झाकून वाचा, एवढंच म्हणाल्या. झाकून वाचलं तर झाड चित्रातलं होतं, बघणारा माणूस निघून जातो. मी ताईंच्या बाजूचा झालो.

जळगाव-भुसावळ रेल्वेमार्गावर भादली स्टेशन लागतं. बालकवी तिथेच 5 मे 1918 रोजी रेल्वे अपघातात गेले, 27 वर्षांचे असताना. मी कामासाठी कितीतरी वेळा त्या स्टेशनावरून गेलोय. बाईंनी हे दुसऱ्या रविवारी अगदी शेवटी सांगितलं. पहिल्याच मिनिटाला सांगितलं असतं तर आम्ही डोहात मरणच शोधत बसलो असतो आणि रंग मोजले नसते.

नाव लपवण्याची ही युक्ती गद्यात चांगली चालली. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाबद्दलचं एक पान बाईंनी दिलं होतं. आमच्यापैकी दोघांनी ते आजच्या एखाद्या लेखिकेचं ठरवलं. ते निघालं लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तलं, 1934 सालचं, आणि लिहिणारी बाई लग्नानंतर अक्षरं शिकलेली. पानावर निळ्या रेघा जेमतेम होत्या. वडिलांना नावं ठेवणारं विशेषण तर सापडलंच नाही. ते काय करत, फक्त एवढंच सांगितलेलं, आणि आपल्याला हसू यावं की पोटात कालवावं ते कळत नाही.

बहिणाबाईंच्या वेळी मात्र युक्ती फसली. त्यांचं माहेर असोदे इथून हाकेच्या अंतरावर, पहिल्याच शब्दाला सगळ्यांनी ओळखलं. बाईंनी लगेच बेत बदलला आणि प्रत्येकाला आपापल्या बोलीत म्हणायला लावलं. ‘आधी हाताला चटके, तंव्हा मियते भाकर.’ एकाने सवयीने ‘मिळते’ म्हटलं. ओळ तीच, पण चुलीसमोरची बाई तिथून उठून गेली. मग बाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘भाकर मिळण्यासाठी हाताला चटके सोसावे लागतात.’ अर्थ तोच. फरक विचारला. लिहिलेल्या वाक्यात भाकर आधी येते आणि चटके नंतर, म्हणून तो उपदेश झाला. बहिणाबाईंच्या ओळीत चुलीवर जे आधी घडतं तेच आधी येतं. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं तिने हा क्रम अचूक धरला आहे. मी 8 वर्षं लिहीत होतो आणि वाक्यात काय आधी ठेवायचं याचा विचार कधी केला नव्हता.

आता उणिवा. 10 पैकी 6 रविवार कवितेला गेले. कथा लिहिणाऱ्याला संवाद कसे वाचायचे ते हवं असतं, त्याला जेमतेम अर्धा दिवस मिळाला आणि नाटक तर आलंच नाही. झेरॉक्स दोनदा इतकी फिकट होती की जोडाक्षरं अंदाजाने वाचावी लागली. बरोबर साडेआठला दार लागतं, चुकलेला वर्ग पुन्हा मिळत नाही. पेरणीच्या दिवसांत माझा एक रविवार बुडाला तो बुडालाच. आणि सर्वांत मोठी गोष्ट, बाई आमचं लिखाण तपासत नाहीत. शेवटच्या रविवारी प्रत्येकाचं एकच पान वाचतात. लिखाणावर शेरे हवे असतील तर हा वर्ग त्यासाठी नाही. मला वाटतं, 10 ऐवजी 12 रविवार करून शेवटचे दोन त्यासाठी ठेवले तर आणखी 500 रुपये कुणीही आनंदाने देईल.

त्या एका पानाबद्दल सांगायलाच हवं. मी वादळात पडलेल्या केळीबागेवरच्या जुन्या कथेचं पहिलं पान नेलं होतं. त्यात होतं, ‘समोरचं भयाण दृश्य पाहून काळीज हेलावलं. उभी बाग उद्ध्वस्त झाली होती. शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर विदारक वेदना होती.’ आदल्या रात्री त्यावर लाल-निळी पेन्सिल फिरवली. भयाण, उद्ध्वस्त, विदारक, सगळं निळं. लाल रेघा ‘होता-होती’च्या. शेतकरी पानभर काहीच करत नव्हता.

मग त्या दिवसाचा पंचनामा आठवला. सदर गटातील केळीचे 33 टक्क्यांपेक्षा अधिक नुकसान, असं त्यात लिहिलं होतं. पण तो लिहिण्याआधी मी बांधावर उभा राहून जे पाहिलं, ते पंचनाम्यातही गेलं नव्हतं आणि कथेतही. रात्री दोनपर्यंत बसून पुन्हा लिहिलं: ‘खांब सगळे एकाच बाजूला पडले होते, पूर्वेकडे. घड अजून हिरवे होते. नाना पाला कापून आणत होता आणि पडलेल्या घडांवर ऊन लागू नये म्हणून एकेक झाकत होता. आम्ही आलो तरी तो थांबला नाही.’

बाईंनी ते मोठ्याने वाचलं. ‘झाकत होता’खाली स्वतःच्या हाताने लाल रेघ मारली आणि पान परत दिलं. बोलल्या काहीच नाहीत. ते पान मी जपून ठेवलंय.

पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे. मी पुन्हा नाव दिलं आहे, कारण या वेळी बाई गद्य जास्त घेणार आहेत आणि संवादांसाठी दोन रविवार ठेवणार आहेत. जाणार असाल तर पेन्सिल घरून न्या, तिथल्या बोथट असतात. गुडघे दुखत असतील तर आधी कळवा. खुर्च्या तीनच आहेत, बाकीच्यांना सतरंजी. साडेनऊला चहा मिळतो, आलं घातलेला.