खाऱ्या टाकीतलं तांबं: पाणी बदलायचं की रेझिन लावायचं?

माशांवरचे पांढरे ठिपके घालवायला दिलेलं तांब्याचं औषध काम झालं तरी टाकीत राहतंच. मासे ते सोसतात. कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांसाठी ते विष आहे.

पाणी बदलणं स्वस्त वाटतं, पण हिशेब करून बघा. लिटरमागे ०.२० मिलिग्रॅम तांबं असेल, तर ३० टक्के पाणी बदलल्यावर ०.१४ उरतं, पुन्हा तेवढंच बदललं की साधारण ०.१०. दरवेळी मीठ आणि आरओचं पाणी लागतं ते वेगळंच. शिवाय तांबं नुसतं पाण्यात नसतं. चुनखडीचे दगड आणि वाळू ते धरून ठेवतात आणि पाणी स्वच्छ झालं की हळूहळू परत सोडतात. म्हणून आज टेस्ट किटने शून्य दाखवलं, तरी काही दिवसांनी किटच्या नळीतल्या पाण्याला पुन्हा तांब्याचा रंग चढू शकतो.

क्युप्रिसॉर्बसारखं रेझिन, म्हणजे पाण्यातलं तांबं शोषून घेणारे दाणे, इथेच सरस ठरतं. जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमधल्या वाहत्या पाण्यात ठेवलं, की दगडांतून सुटणारं तांबं ते टिपत राहतं. क्षमता संपली की दाणे निळे-काळे पडतात. महाग आहे, पण दगडांनी भरलेल्या टाकीसाठी मी तेच सुचवेन; सुरुवातीला एक-दोनदा भरपूर पाणी बदललं तर रेझिन जास्त टिकतं. दगड-वाळू नसलेल्या क्वारंटाइन टाकीत (मासे वेगळे ठेवायच्या टाकीत) मात्र पाणी बदलणं पुरतं.

कोळंबी सोडायची घाई नको. पिशवी काढा, दोन आठवडे थांबा आणि पुन्हा मोजा.