एसी बघून नाही, रविवारचा सराव पेपर बघून सीट घ्या (लातूर, मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेसाठी अभ्यासिका)

पाचपैकी ४ स्टार देतेय, आणि त्यातले दोन-अडीच तरी नुसत्या रविवारच्या पेपरचे आहेत. बाकी बघायला गेलं तर ट्यूशन एरियात अशा अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत, तेच प्लायवूडचे कप्पे, एक ट्यूबलाइट, एक चार्जिंग पॉइंट आणि जिन्यात मागच्या वर्षी नंबर लागलेल्या पोरापोरींचे फोटो. मी रिपीटर होते, म्हणजे नीट पुन्हा देणारी, सकाळी क्लास आणि दुपारपासून रात्रीपर्यंत मुक्काम इथंच, त्यामुळं जे लिहितेय ते ऐकीव नाही.

आधी जागेचं सांगते. मुलींचा हॉल वरच्या मजल्यावर वेगळा आहे, बाथरूम स्वच्छ असतं (हे आधी लिहितेय कारण बाकीच्या दोन-तीन ठिकाणी बघून मी जिन्यातूनच परत फिरले होते). इन्व्हर्टर आहे, लाइट गेली तर ट्यूब आणि फॅन चालतात, एसी बंद पडतो, आणि एप्रिलमध्ये लाइट किती वेळा जाते ते लातूरकरांना सांगायला नको. पिण्याचं पाणी जारचं, बोअरचं फक्त हात धुवायला. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे गाव, त्यामुळं कुणी नळ चालू ठेवून गप्पा मारत उभं राहिलं की अभ्यासिका चालवणारे काका खालूनच ओरडतात आणि बरोबर ओरडतात. मुलींना साडेनऊला सोडतात आणि होस्टेलच्या मावशीला फोन जातो, हे पप्पांना लई आवडलं, मला नाही, कारण खालचा मुलांचा हॉल बारापर्यंत चालू. पेपर सगळ्यांना एकच असताना आमचे अडीच तास कमी का, हे मी काकांना विचारलं पण होतं, "पालकच म्हणतात पोरी" एवढंच उत्तर मिळालं.

आता रविवारचं. दर रविवारी १८० प्रश्नांचा पूर्ण पेपर, ७२० मार्कांचा, दुपारी २ ते ५, म्हणजे नीटची जी वेळ तीच. दीड वाजला की काका शटर खाली ओढतात आणि मग कुणाचा बाप आला तरी उघडत नाहीत, कारण खऱ्या सेंटरवर पण दीडला गेट बंद होतं. मनगटावर घड्याळ चालत नाही, भिंतीवरचंच बघायचं. पेन तुमचा नाही, काकांच्या डब्यातला साधा काळा बॉलपेन. आणि त्या तीन तासांत एसी बंद! पहिल्या रविवारी एका मुलीनं एसी लावा म्हटलं तर काका म्हणले, "मे महिन्यात तिथं कोन लावून देनार हाय तुला?" सगळे हसले पण मुद्दा बरोबर होता, दुपारी दोनला जेवण झालेलं असतं, डोळे मिटायला लागतात, पाठीला शर्ट चिकटतो, अशात फिजिक्सची लांबलचक गणितं सोडवायची सवय एसीत बसून लागत नाही.

खरा फायदा ओएमआरचा, म्हणजे ज्या शीटवर उत्तराचे गोल पेननं भरायचे तिच्या सरावाचा. मोबाइलच्या ॲपवर टेस्ट देणाऱ्यांना हे कळतच नाही की गोल भरायला पण वेळ जातो. एका गोलाला पाच सेकंद धरले तरी १८० गोलांचे १५ मिनिटं होतात आणि आता एकूण वेळच १८० मिनिटं आहे. पूर्वी २०० मिनिटं होती, सेक्शन बी मध्ये १५ पैकी १० सोडवायचा चॉइस होता, २०२५ पासून ते सगळं गेलं, आता जेवढे प्रश्न तेवढीच मिनिटं. बॉलपेननं भरलेलं खोडता येत नाही, आणि एका ओळीनं घसरलात तर पुढचे सगळे घसरले. बरोबरला ४ मिळतात आणि चुकीला १ जातो म्हणजे येत असलेलं उत्तर शेजारच्या गोलात गेलं की ५ मार्कांचा फटका. माझ्या मागं बसणारी मुलगी सगळं शेवटी भरायची, एका रविवारी पाच वाजले तेव्हा केमिस्ट्रीचे पंधरा-वीस गोल रिकामे, काकांनी शीट ओढून घेतली, ती रडली, आणि पुढच्या आठवड्यापासून बुकलेटचं एक पान सोडवून झालं की लगेच त्या पानाचे गोल भरायला लागली. बायो आधी पन्नास मिनिटांत, मग केमिस्ट्री, फिजिक्स शेवटी, असा माझा क्रम पण तिथंच बसला.

४ मे २०२५ च्या नीटचं फिजिक्स ज्यांनी दिलंय त्यांना माहितीये ते किती अवघड होतं. देशात पहिला आलेल्याला ६८६, आदल्या वर्षी ७२० वाल्यांची रांग लागली होती. पेपर बघून घाम फुटला तरी मला वेळेचा अंदाज सुटला नाही, ते श्रेय मी या रविवारांना देते. माझे मार्क विचारू नका.

एक स्टार कापला त्याची कारणं आहेत. पेपर हे स्वतः काढत नाहीत, बाहेरून छापलेले गठ्ठे आणतात. जानेवारी २०२५ च्या शेवटी नवीन पॅटर्न जाहीर झाला तरी पुढचे काही रविवार जुनाच गठ्ठा चालू, २०० मिनिटांचा, आम्ही बोंब मारल्यावर बदलला. त्यात सॉलिड स्टेट आणि सरफेस केमिस्ट्रीचे प्रश्न, जे २०२४ च्याच सिलॅबसमधून गेलेत. आन्सर की तर देवाच्या भरवशावर, एकदा जोड्या लावा मध्ये हृदयातला ट्रायकस्पिड व्हॉल्व डाव्या कर्णिका-निलयाच्या मध्ये दाखवला होता, एनसीईआरटीच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलंय की तो उजवीकडं असतो, पुस्तक घेऊन जाऊन दाखवलं तेव्हा कुठं आठवड्यानं बोर्डावर दुरुस्ती लागली. इथं सर नाहीत, डाउट विचारायला कुणी नाही, त्यामुळं आन्सर की चुकली तर तुमचं तुम्हीच शोधा.

मराठीतून पेपर देणाऱ्यांनी इथं विचार करून या. नीट मराठीत देता येते, बुकलेटमध्ये इंग्रजी पण सोबत असतं आणि भाषांतरात घोळ असला तर इंग्रजीच अंतिम धरतात. इथले गठ्ठे मात्र फक्त इंग्रजी. शेजारच्या कप्प्यात निलंग्याची मराठी मीडियमची मुलगी होती, बायो तिचं माझ्यापेक्षा पक्कं, पण दर रविवारी अर्धा वेळ शब्द लावण्यात जायचा. एवढी फी घेता तर मराठीचे पाच-सहा सेट तरी ठेवा ना.

आणि रविवारच्या पेपरची ती रँक लिस्ट. रविवारी रात्री पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावासकट यायची. सोमवारी सकाळी गावाकडून माझ्या काकूचा फोन, "बाळा यावेळी कमी पडले का गं?" काकूला कुणी पाठवलं ते आजपर्यंत कळलं नाही. मी सांगितल्यावर माझं नाव काढलं, तुम्ही ॲडमिशनच्या दिवशीच सांगून ठेवा.

पैशाचं म्हणाल तर महिन्याला नॉन-एसी ९००, एसी १३००, रविवारचा पेपर त्यातच. मी म्हणते नॉन-एसी घ्या, फरक फक्त एप्रिल-मेमध्ये जाणवतो, तेव्हा वाटलं तर बदलून घेता येतं. रस्त्याकडच्या खिडकीजवळची सीट अजिबात घेऊ नका, लग्नसराईत समोरून वराती जातात आणि डीजेनं प्लायवूड हादरतं, आतली भिंतीकडची मागा, जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलात तर मिळते. डिपॉझिट एक महिन्याचं, सोडायच्या महिनाभर आधी वहीत लिहून द्यावं लागतं, तोंडी सांगितलेलं धरत नाहीत. परीक्षा मेच्या सुरुवातीला असते तर एप्रिल लागला की लगेच लिहून टाका, माझ्या रूममेटचे ९०० त्यातच गेले.