खरजेवरचं परमेथ्रिन मलम: लावायचं तर अख्ख्या घरानं, एकाच रात्री

फोंड्याच्या फार्मसीतून या ५ टक्के परमेथ्रिनच्या आम्ही सतरा ट्यूबा आणल्या. त्यातल्या पहिल्या तीन वाया गेल्या. मलम गुणकारी आहे, चूक आमची झाली, म्हणून हे सविस्तर लिहिते.

चवथीला आमचं घर भरतं. मुंबईचे दीर-जाऊ, नणंदेची मुलं, सगळी रात्री ओसरीवर ओळीनं झोपतात, एका चादरीखाली दोघं-तिघं. दसऱ्याच्या सुमारास धाकटा रात्री झोपेत खाजवू लागला. बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, बेंबीभोवती बारीक पुळ्या. सासूबाईंनी करंजेल चोळलं. मी एका दुकानातून विचारून मलम आणलं. त्यात स्टेरॉइड होतं हे मागाहून कळलं. चार दिवस खाज दबली, मग दुपटीनं उसळली. तोवर मोठीला आणि मलाही लागण.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बेचक्यावर भिंग धरून मला पाहायला लावलं. केसासारखी बारीक, राखाडी, वाकडी रेघ आणि तिच्या टोकाला ठिपका. तो ठिपका म्हणजे खरजेचा किडा. मादी कातडीत बोगदा कोरत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. पहिल्यांदाच लागण झाली असेल तर खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात. मी मनात दिवस मोजले. चवथ ते दसरा, बरोबर पाच आठवडे!

बाईंनी सगळ्यांना मलम लिहून दिलं होतं. पण सासूबाई म्हणाल्या, "माझं अंग स्वच्छ आहे, मला कशाला?" यांची रात्रपाळी होती. म्हणून खाजणाऱ्या तिघांनीच लावलं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. खाज नाही म्हणजे किडा नाही, असं नसतं.

दुसऱ्या वेळी शनिवार रात्र ठरवली. सात माणसं, सात ट्यूबा. मोठ्या माणसाला ३० ग्रॅमची एक ट्यूब जेमतेम पुरते, कारण मानेपासून तळपायापर्यंत कुठेच सोडायचं नाही. नखं कापून नखांखालीही लावायचं. सासूबाईंची काकणं निघत नव्हती. मी ती एकेक वर सरकवून खाली बोट फिरवलं, तर तिथेच पुळ्या निघाल्या. भांडी घासून हात धुतले की हातांना पुन्हा लावायचं. ८ ते १४ तास अंगावर ठेवून सकाळी आंघोळ. चादरी, अभ्रे, टॉवेल कढत पाण्यात. गोधड्या वाळेनात, त्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर ठेवल्या. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसच जगतो. पुढच्या शनिवारी पुन्हा सात ट्यूबा.

लावताना थोडं चुणचुणतं, वास सौम्य आहे. किडे मेले तरी खाज दोन-चार आठवडे रेंगाळते. तेवढ्यात घाबरून रोज मलम चोपडू नका. माझी खरी तक्रार पत्रकाबद्दल आहे. बारीक इंग्रजी अक्षरं, आणि सगळ्या घरानं लावा हे ठळक कुठेच नाही. मराठी-कोंकणीत ती एक ओळ छापली असती तर आमच्या तीन ट्यूबा वाचल्या असत्या.

घाणेरड्या घरांचा रोग म्हणून लोक खरूज लपवतात, याचं मला फार वाईट वाटतं. जगात कुठल्याही क्षणी २० कोटींहून अधिक लोकांना ती असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली तिला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं. फिजीच्या बेटांवर रोगी निवडत न बसता सगळ्या वस्तीला औषध दिलं. मलम दिलेल्या भागात वर्षभरात प्रमाण ४२ टक्क्यांवरून १६ वर आलं, आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिलेल्या भागात ३२ वरून २ वर. अंगभर मलम लावणं किती जिकिरीचं हे केल्यावर गोळ्या का सरस ठरल्या ते मला पटलं.

जाऊबाईंना फोन करायला मला दोन दिवस धीर झाला नाही. शेवटी सांगितलं, तर त्या गप्पच झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "वहिनी, आमची दोन्ही मुलं महिनाभर खाजवतायत, मी कुणाला बोलले नव्हते." त्याच रात्री त्यांनी चार ट्यूबा आणल्या.