लॅब डिझाइनचा वीकेंड कोर्स: शिकवणं उत्तम, प्लेसमेंटवर भिस्त नको

सहा वर्षं वाकड-पुनावळे पट्ट्यात टू बीएचकेचे लेआउट काढत होते. शिकणं थांबलंय असं वाटायला लागलं, म्हणून बाणेरच्या एका संस्थेचा प्रयोगशाळा डिझाइनचा कोर्स केला. आठ शनिवार, फी 28,000.

शिकवणारे सर मूळचे एचव्हॅकवाले, म्हणजे इमारतीतल्या एसी आणि हवा खेळवण्याच्या कामातले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, ‘या खोलीतली हवा कुठून येते, कुठे जाते?’ आम्ही चौदा आर्किटेक्ट, एकालाही धड सांगता येईना. मग त्यांनी फ्यूम हूड घेतला, म्हणजे प्रयोगातले घातक वायू ओढून घेणारं कपाट. त्याच्या तोंडाशी हवा सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगाने आत ओढली जायला हवी. ती पुन्हा खोलीत सोडायची नाही, गच्चीवरून बाहेर टाकायची. म्हणजे तेवढीच ताजी हवा थंड करून आत आणायची. एक हूड वाढला की डक्ट, शाफ्ट, एएचयू (हवा थंड करून आत ढकलणारं यंत्र) सगळंच वाढतं. फ्लॅटच्या कामात आपण प्लॅन पक्का करून सर्व्हिसेसवाल्यांकडे पाठवतो. इथे आधी सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद काढायचा.

अमेरिकन आर्किटेक्ट लुई कान यांच्यावरचं सत्र तर विसरणार नाही. फिलाडेल्फियातल्या त्यांच्या रिचर्ड्स प्रयोगशाळेच्या इमारतीत डोळ्यांवर येणाऱ्या उन्हापायी शास्त्रज्ञांनी काचांना फॉइल चिकटवलं होतं. नंतर सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये कान यांनी प्रयोगशाळांच्या डोक्यावर पाइप-डक्टसाठी 9 फुटी स्वतंत्र मजले दिले.

आता नोकरीचं. जाहिरातीतलं ‘प्लेसमेंट सहाय्य’ म्हणजे शेवटच्या दिवशी हातात ठेवलेली कंपन्यांची यादी. हे मला फार खटकलं. काम मात्र आहे. ते आर्किटेक्टच्या ऑफिसांपेक्षा औषध कंपन्यांचे प्रकल्प करणाऱ्या इंजिनिअरिंग कन्सल्टन्सीत आणि लॅब फर्निचर बनवणाऱ्यांकडे शोधा. मला मुलाखतीत कोर्समधली एकच शीट उपयोगी पडली: फ्यूम हूडपासून गच्चीवरच्या स्टॅकपर्यंतचा (हवा बाहेर टाकणाऱ्या धुराड्यापर्यंतचा) सेक्शन. त्यावर पाऊण तास प्रश्न झाले. फ्लॅटचे रेंडर कुणी उघडलेही नाहीत. गेल्या महिन्यापासून एका क्वालिटी कंट्रोल लॅबच्या ड्रॉइंगवर काम करतेय.

बायोसेफ्टीला, म्हणजे घातक जंतूंपासूनच्या सुरक्षिततेला जेमतेम दोन तास दिले. एनआयव्हीची (राष्ट्रीय विषाणू संस्थेची) बीएसएल-4, म्हणजे सर्वोच्च सुरक्षा पातळीची प्रयोगशाळा ज्या पुण्यात आहे, तिथे हे फारच कमी. ठरलेली साइट व्हिजिटही रद्द झाली. साइटवर दोन-तीन वर्षं काढली असतील तर जरूर करा, पण व्हिजिटची तारीख लेखी घेतल्याशिवाय पूर्ण फी भरू नका.