कार्डिफ, रग्बीची तिकिटं आणि माझे 170 पाउंड

आधीच सांगते, "एवढी शिकलेली आणि अशी कशी फसलीस" हे भरपूर ऐकून झालंय, परत नको. वेल्सच्या राजधानीत, कार्डिफमध्ये मास्टर्स करत होते आणि इथे राहून प्रिन्सिपॅलिटी स्टेडियममध्ये एक मॅच बघितली नाही तर काय केलं, असं जो तो म्हणायचा. स्टेडियम भर शहरात, मॅचच्या दिवशी रस्ते बंद, डॅफोडिलच्या टोप्या घालून आजोबालोक सकाळपासून फिरतायत, मोह होणारच ना. 15 मार्च 2025, वेल्स-इंग्लंड, सिक्स नेशन्स, म्हणजे युरोपातल्या सहा संघांची रग्बी स्पर्धा. तिकिटं कधीच संपलेली. स्टुडंट ग्रुपवर एकाने टाकलं, आजारी आहे, दोन तिकिटं आहेत, छापील किमतीलाच देतो, 85 पाउंडला एक. ब्लॅकचा भाव सांगितला असता तर मी सावध झाले असते, हे त्या लोकांना बरोबर माहीत असतं.

आता माझा शहाणपणा ऐका. बँकेच्या अ‍ॅपमध्ये त्याचं नाव टाकलं तर इशारा आला, खात्यावरचं नाव जुळत नाही. ठळक अक्षरात. मी विचारलं तर म्हणे बहिणीचं अकाउंट आहे. आणि मी, लेक्चर चालू असताना बेंचखाली फोन धरून, पुढे जा दाबलं! नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा, बहीण असो नाहीतर आजी. 170 पाउंड गेले. तेव्हा मला तासाला 11.44 मिळायचे, व्हिसावर टर्ममध्ये आठवड्याला 20 तासच काम करता येतं, म्हणजे जवळजवळ पंधरा तास कॅफेत कप विसळले ते याच्यासाठी.

तिकिटं आली पीडीएफमध्ये. सीट 14 आणि 15. गेटवरच्या माणसाने स्कॅन केलं, मशीनने नाही म्हटलं, मग त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून मला दाखवले, क्यूआर कोड दोन्हीवर अगदी तोच. तीन दिवस ते कागद माझ्या टेबलावर पडून होते हो! पीडीएफ नाहीतर स्क्रीनशॉटवर पैसे देऊच नका, तिकीट ऑफिशियल अ‍ॅपमधून तुमच्या नावावर आलं तरच खरं.

पोलिसांनी सांगितलं ऑनलाइन तक्रार करा, ऑनलाइनवाल्यांनी एक नंबर दिला, तो नंबर घेऊन बँकेत गेले तर म्हणे फोन करा. फोनवर 40 मिनिटं संगीत. ऑक्टोबर 2024 पासून असे ट्रान्सफर करवून फसवलं तर बँकेने पैसे परत द्यायचे असा तिथे नियम आहे, 85,000 पाउंडपर्यंत, पण त्यातून 100 पर्यंत कापायची त्यांना मुभा! म्हणजे मला मिळाले तर 70. पाचव्या दिवशी ईमेल आला की ते 70 पण नाही, कारण तुम्ही इशारा वाचूनही पैसे पाठवले, ही तुमची घोर निष्काळजी. मग तो चोर कोणाची जबाबदारी? त्याचं खातं कोणत्या बँकेने उघडून दिलं? विचारलं, "डेटा प्रायव्हसी" असं उत्तर आलं. चोराची प्रायव्हसी!

राष्ट्रगीत बाहेर वेस्टगेट स्ट्रीटवर उभं राहून ऐकलं. वेल्स 68-14 हरलं, त्यांचा सलग सतरावा पराभव, त्यामुळे सगळे मला म्हणतात बरं झालं नाही बघितलंस.

दुसरं तिकीट रूममेटचं होतं. तिचे 85 मी मागितले नाहीत आणि तिनेही विषय काढलेला नाही.