प्लेअर्स हँडबुक: सगळ्यात दमदार पानं सामानाच्या यादीची

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत, पात्रं रंगवत खेळायच्या टेबल-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचं प्लेअर्स हँडबुक, म्हणजे खेळाडूंचं नियमपुस्तक (२०१४), पावसाळ्यापासून आमच्या टेबलावर आहे. क्लास (पात्राचा पेशा), रेस (वंश), स्पेल्स (मंत्र) यांवर भरपूर लिहून झालंय. मला सांगायचंय ते पाचव्या प्रकरणाबद्दल, म्हणजे सामानाच्या किंमतयादीबद्दल. नवे खेळाडू तलवार आणि चिलखत निवडतात आणि पान उलटतात. माझ्या मते खरा खेळ त्याच्या पुढच्या दोन-तीन पानांत आहे.

बॉल बेअरिंगचंच घ्या. एका सोन्याच्या नाण्यात १,००० गोळ्यांची पिशवी. ओतली की १० फूट बाय १० फूट जागा व्यापते. तिथून कोणी पूर्ण वेगाने गेलं तर डीसी १० चा डेक्स्टेरिटी सेव्ह, म्हणजे वीस बाजूंच्या फाशात चपळाईचा आकडा मिळवून किमान १० यायला हवेत; तो हुकला की आडवं.

पहिल्याच लेव्हलला, पात्रं अगदी नवखी असताना, आमच्यासमोर ओगर म्हणजे धिप्पाड राक्षस उभा राहिला. ५९ हिट पॉइंट्स (पडेपर्यंत सोसता येणारा मार), एका फटक्यात सरासरी १३ डॅमेज. समोरासमोर भिडलो असतो तर निम्मा ग्रुप गारद झाला असता. आमच्या रोग (चोर) पात्राने अरुंद बोळात पिशवी रिकामी केली, फायटरने त्याच फरशीवर तेलाची बाटली ओतली आणि ओगरला शिव्या घालत दोघंही मागे पळाले. ओगरच्या डेक्स्टेरिटी सेव्हमधून १ वजा होतो, त्यामुळे घसरण्याची शक्यता बरोबर निम्मी. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने, डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकला: ६. ओगर धाडकन आडवा, आणि धावत आल्यामुळे उठण्याइतकी चालही उरलेली नाही. मग मशाल पडली. तेल दोन राउंड (सगळ्यांची एकेक पाळी म्हणजे एक राउंड) जळतं, त्यात आपली पाळी संपवणाऱ्याला ५ डॅमेज. शिवाय आडव्या पडलेल्यावर जवळून केलेल्या प्रत्येक हल्ल्याला अॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा). खर्च किती? एक सोन्याचं, एक चांदीचं आणि मशालीचं एक तांब्याचं नाणं.

स्पेल्समध्ये याच जातीची एकच चीज आहे, मायनर इल्युजन. पाच फुटांच्या घनात मावेल अशी खोटी वस्तू, एक मिनिटभर. आमचा विझार्ड (जादूगार) खोटी पेटी तयार करून तिच्या आत बसतो आणि पहारेकरी शेजारून निघून जातात. हात लावला की भांडं फुटतं, म्हणून पेटी कुठे ठेवायची यावर आमच्यात कडाक्याची चर्चा होते. मला तीच सगळ्यात आवडते.

कमतरता दोन. यादीत नसलेली युक्ती सुचली, समजा कपाट शत्रूच्या अंगावर ढकललं, तर खेळाडूच्या पुस्तकात फक्त छोटी चौकट आहे: डीएमला विचारा. कपाट पडल्यावर १डी१० (दहा बाजूंच्या एका फाशाइतकं) डॅमेज, हा आकडा डंजन मास्टर्स गाइडमध्ये आहे. डीएमने ते तक्ते वाचलेले नसतील तर प्रत्येक युक्तीला ‘नाही’ ऐकावं लागतं आणि लोक निमूटपणे तलवारीकडे वळतात. दुसरं म्हणजे पाचव्या लेव्हलला विझार्डला फायरबॉल (आगीचा गोळा) आणि फ्लाय (उडणं) हे मंत्र मिळतात. ८डी६ ची (सहा बाजूंच्या आठ फाशांची) आग हातात आल्यावर तेलाची बाटली कोण काढणार? त्यामुळे आम्ही पहिल्या चार लेव्हल्स मुद्दाम रेंगाळत खेळलो. तुम्हीही तसंच करा.

पुस्तक घ्यायचं की नाही हे ठरवायचं असेल तर आधी एसआरडी ५.१ (खेळाच्या मूळ नियमांचा दस्तऐवज) उतरवून घ्या. जानेवारी २०२३ पासून ते क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहे, आणि बॉल बेअरिंग, तेल, दोर यांचे नियम त्यात आहेत. पहिली कॅम्पेन (सलग चालणारी कथा) तेवढ्यावर आरामात चालते.