आईची तीन लुगडी

लेकीला सातवा लागला तशी मी माळ्यावरची ट्रंक खाली उतरवून घेतली आणि आईची तीन लुगडी उन्हाला घातली. लालबागच्या आमच्या चाळीत गॅलरीच्या कठड्यावर ऊन जेमतेम दोन तास येतं, तेवढं पुरलं. एक जांभळं इरकली, एक हिरवं, आणि एक मूळचं लाल पण धुऊन धुऊन विटकरी झालेलं. जांभळं वडिलांनी गिरणीच्या बोनसमधून घेतलेलं, १९८२ चा संप सुरू व्हायच्या आधीच्या दिवाळीत. त्यानंतर आमच्या घरात बोनस कधी आला नाही, म्हणून आई ते फार जपून नेसायची.

बाळ यायच्या आधी आमच्याकडे नवं कापड घरात आणत नाहीत. पहिली झबली, दुपटी जुन्या सुती लुगड्याचीच. यात नुसती समजूत नाही. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुतातली खळ गेलेली असते, कच्चा रंग सुटून गेलेला असतो, कापड सायीसारखं मऊ होतं. झबल्याची शिवण बाहेरच्या अंगाला ठेवायची, बटणांऐवजी बंद लावायचे, म्हणजे बाळाच्या पाठीखाली काही टोचत नाही. हे सगळं मला येतं. पण संधिवाताने उजवा अंगठा आखडलाय, सुई धरवत नाही. म्हणून मी शिवणारं माणूस शोधत होते.

ती बाई मला दादरला एका प्रदर्शनात भेटली. जुन्या साड्यांच्या गोधड्या, कुंच्या, टोपडी मांडून बसली होती. मी गोधडी हातात घेतली तर तिने ती स्वतःहून उलटी करून दाखवली. "मावशी, मागचा धावदोरा बघा, काम तिथे कळतं." माझी आई वाकळ शिवताना हेच म्हणायची. माझा विश्वास बसला तो त्या वाक्यावर. आता कळतं की फसवणारा माणूस आपल्या धंद्याचा अभ्यास करून बसलेला असतो. त्याला शिवणाची भाषा येते एवढ्यावरून तो शिवतो असं होत नाही.

एक गोधडी, दोन दुपटी, सहा झबली असं ठरलं. २,५०० रुपये आगाऊ, बाकीचे माल मिळाल्यावर. दोन दिवसांनी तिने एक मुलगा पाठवला, तो दारातूनच तिन्ही लुगड्यांची पिशवी घेऊन गेला. पावती मी मागितली नाही. तिचा पत्ता, कारखाना कुठे, काही विचारलं नाही. फक्त मोबाइल नंबर होता. जावई तेव्हाच म्हणाला होता, "आई, एक लुगडं द्या, ते झाल्यावर दुसरं." मी त्याचं ऐकायला हवं होतं.

मग व्हॉट्सॲपवर फोटो यायला लागले. अर्धी शिवलेली गोधडी, कापलेली झबली. मी चष्मा लावून बघायचे, मनातून हरखायचे. आईच्या जांभळ्या लुगड्याला रुईफुलाचा काठ होता आणि फोटोतल्या जांभळ्या कापडाला साधा पट्टा. हे मला दिसलं नाही असं नाही. फोटोत नीट येत नसेल असं मी स्वतःला सांगितलं.

नात झाली ती सकाळी ९ वाजून २० मिनिटांनी. ती बातमी मी त्या गोधडीवाल्या बाईलाही कळवली, इतकी ती घरातली वाटायला लागली होती. तिने लगेच विचारलं, गोधडीच्या कोपऱ्यात बाळाचं अक्षर भरायचंय, जन्मवेळ द्या, आमचे गुरुजी नावरस, म्हणजे जन्मनक्षत्रावरून येणारं अक्षर, काढून देतात, दक्षिणा ११०० रुपये. मी पैसे पाठवले.

दुसऱ्या दिवशी त्या गुरुजींचा फोन. आवाज शांत, वयस्कर. म्हणाले, "आजी, घाबरू नका, पण मुलगी आश्लेषेच्या तिसऱ्या चरणावर आहे. हे चरण आईला जड. बाराव्या दिवसाच्या आत नक्षत्राची शांत, म्हणजे पूजा, झाली पाहिजे." लेकीचं सिझर झालेलं, टाके ओले, ताप येऊन गेलेला. त्या माणसाला हे माहीत होतं, कारण मीच त्या बाईला सांगितलं होतं. मी खोलीबाहेर येऊन जिन्यात उभी राहिले आणि ११,००० रुपये पाठवले. लेकीला सांगितलं नाही, बाळंतिणीच्या जिवाला घोर नको म्हणून. जावयालाही नाही. त्या लोकांना हेच हवं असतं. बाळंतिणीच्या घरातल्या बाईला कुणाला सांगायचं नसतं, तिला फक्त सगळं सुखरूप पार पडायला हवं असतं.

तिसरी मागणी नवव्या दिवशी. २१ दिवसांत पालिकेत नाव चढलं नाही तर दाखला अडकतो, आमचा माणूस विभाग कार्यालयात आहे, २,५०० द्या, नाव चढवून आणतो. हल्ली जन्मदाखल्यावाचून काही होत नाही हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे, १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून सगळीकडे तोच पुरावा लागतो. त्यामुळे हा धाक चालतो. मीही तेवढे पाठवले. एकूण झाले १७,१००.

दहाव्या दिवशी व्याही बारशाचं बोलायला आले. कोणतं नाव ठेवायचं यावर बोलणं निघालं आणि माझ्या तोंडून आश्लेषा निघून गेलं. ते चमकले. आमच्याच भिंतीवरचं कालनिर्णय खिळ्यावरून काढलं, तारखेच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अहो, त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत पुष्य आहे. सकाळी नऊला आश्लेषा येईल कुठून?" चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, त्याची चार चरणं म्हणजे सहा-सहा तासांचा हिशेब. पुष्याची अक्षरं हू, हे, हो, डा. आश्लेषेची डी, डू, डे, डो. कोणत्या चरणाला कोणतं अक्षर हे सांगणारा अवकहडा चक्राचा तक्ता पंचांगात छापलेलाच असतो, ज्याला कुणाला बघायचं असेल त्याने बघावा, त्यात गुपित काही नाही. आणि नावरस नाव हे पाळण्यातलं, चारचौघांत हाक मारायचं नाव आईवडिलांनी आपल्या आवडीने ठेवायचं, ही रीत आपल्या आज्या-पणज्यांपासून चालत आलेली आहे. अक्षरासाठी कुणी अडवून धरत नाही. माझ्या नातीवर कसलंही सावट नव्हतं. मी मात्र नऊ दिवस लेकीच्या कपाळाला हात लावून ताप बघत बसले होते. पैशांपेक्षा मला याचा राग आहे.

त्या बाईला फोन लावला. दोनदा कट केला, तिसऱ्यांदा बंद.

जावयाने तिथल्या तिथे १९३० ला फोन लावला. सायबर फसवणुकीसाठीचा हा सरकारी नंबर आहे, पोर्टलवरही तक्रार करता येते. त्यांनी विचारलं ते असं: कोणत्या बँकेतून, किती वाजता, किती रक्कम, आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक. तो पैसे पाठवल्याच्या मेसेजमध्ये असतो, मेसेज पुसू नका. आदल्या दिवशी पाठवलेले २,५०० समोरच्या खात्यात अडकवता आले. आधीचे सगळे पुढच्या खात्यांत निघून गेले होते. पैसा तासातासाला हलतो, म्हणून शंका आली की आधी हा फोन करायचा, त्या माणसाशी भांडण, विनवण्या नंतर. मी एक दिवस जरी आधी बोलले असते तरी उपयोग झाला असता.

पालिकेच्या विभाग कार्यालयात जावई स्वतः जाऊन आला. २१ दिवसांची मुदत जन्माची नोंद करायची आहे, आणि बाळ रुग्णालयात झालं असेल तर ती नोंद रुग्णालयच पाठवतं. नाव ठरलं नसेल तर नोंद नावाशिवाय होते. नोंदीपासून १२ महिन्यांत नाव घालायला पैसे पडत नाहीत, त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. कुणा मधल्या माणसाची गरज नाही. ज्यांच्या घरी बाळ यायचंय त्यांनी एवढं कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवा.

पोलीस ठाण्यात तक्रार लिहिताना हवालदारांनी विचारलं, लुगड्यांची किंमत काय लावू? मला सांगता येईना. त्यांनी लिहिलं, जुने वापरलेले कपडे, ३ नग. मी म्हटलं, साहेब, निदान रंग तरी लिहा. त्यांनी पेन पुन्हा उचललं आणि लिहिले.

बारसं ठरल्या दिवशी झालं. आत्याने कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. झबली मजल्यावरच्या काकूंनी माझ्या जुन्या साडीची दोन रात्रींत शिवून दिली.

प्रदर्शनांतून, फोनवरून जुन्या साड्यांच्या गोधड्या घेणाऱ्या बायकांना माझी विनंती आहे. जांभळं इरकली, रुईफुलाचा काठ, पदराच्या आतल्या बाजूला साधारण चार बोटं रफू, तो हिरव्या दोऱ्याने केलेला आहे कारण त्या दिवशी घरात जांभळा दोरा नव्हता. हिरव्या लुगड्याच्या एका टोकाला निळ्या शाईचा डाग आहे, माझ्या शाळेतल्या दौतीचा. असा तुकडा कुठे शिवलेला दिसला तर ती गोधडी कुणाकडून घेतली ते लालबागच्या पोलिसांना कळवा. तक्रारीत ही खूण मी नंतर जाऊन लिहून आले आहे.